थांबतो कुठे, सुरू होतो कुठून

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं. रमतगमत नाही, बोलताना जरा धाप लागेल अशा वेगानं. राहायला पुण्यात, सहकारनगरात, त्यामुळे तळजाईचं जंगल हाताशी होतं. कुणीही हाक मारणार नाही असा सलग तास कितीतरी वर्षांनी माझ्या वाट्याला येत होता आणि तो मला गाण्यात घालवायचा होता. गाणं म्हणजे तीन-चार मिनिटांचं नव्हे. निवांत मांडलेला यमन, नाहीतर भूप, त्यामागची द्रुत बंदिश, आणि एखाद्या दिवशी अभंग.

फोन होताच, सुरुवातीला तोच वापरला. घरी वयस्कर आई आहे, त्यामुळे तो मागे ठेवून बाहेर पडणं मला शक्य नाही. पण आईचा फोन येणं वेगळं आणि कुठल्या तरी ग्रुपवरच्या सुप्रभातानं दर दोन मिनिटांनी आलाप कापणं वेगळं. गवई गंधारावर स्थिरावतो न स्थिरावतो तोच ‘टिंग’. एकदा कापलेला आलाप पुन्हा जुळत नाही, निदान माझ्यासाठी तरी नाही.

शिवाय पंजाबी ड्रेसला खिसा नसतो. जवळजवळ दोनशे ग्रॅमचा फोन मुठीत धरून हात हलवत भरभर चालता येत नाही, आणि दंडाला पट्टा बांधला की घामानं तिथे पुरळ उठतं. पावसाळ्यात तर टचस्क्रीन साथच सोडतो. बोट लागलं की काचेखालच्या विद्युतभारात जो बारीक फरक पडतो, त्यावरून त्याला स्पर्श कळतो. पाण्याचा थेंबही तोच फरक घडवतो, मग थेंब कुठला आणि बोट कुठलं हे त्याला उमगत नाही. भुरभुर पावसात आवाज कमी करायचा तर झाडाखाली थांबून काच पुसावी लागे. मला बटणं हवी होती. न बघता, ओढणीवरून चाचपून दाबता येतील अशी बटणं.

तसं काही आता मिळतं का, इथपासून शोध सुरू झाला. अ‍ॅपलनं आयपॉड शफल आणि नॅनो २०१७ मध्ये बंद केले. मे २०२२ मध्ये उरलेला आयपॉड टचही शिल्लक साठा असेपर्यंतच मिळेल असं जाहीर केलं, आणि २००१ पासूनची ती मालिका संपली. शेवटचा शफल फार देखणा होता. १२.५ ग्रॅम वजन, पाठीला चिमटा, पडदा नाही, मधोमध एक गोल. चालणाऱ्या माणसाचा इतका नेमका विचार केलेलं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्यामागे उरलं ते असं: सॅनडिस्कच्या क्लिप घराण्यातले छोटे प्लेअर, सोनीचे आजही वॉकमन याच नावानं विकले जाणारे महागडे प्लेअर, चिनी बनावटीचे असंख्य स्वस्त प्लेअर आणि गाणी पोटातच साठवणारे हेडफोन. सारेगामाचा कारवाँ आमच्या घरी आहे, आईचा त्याच्यावर फार जीव आहे. पण तो टीपॉयवर ठेवून ऐकायचा.

जाहिराती वाचायला लागले तर सगळीकडे एकच भाषा. किती जीबी, किती तास बॅटरी, किती बिटचा आवाज. मला हवी असलेली गोष्ट कुणी लिहीतच नव्हतं. ती म्हणजे, बंद केल्यावर हा प्लेअर पुन्हा कुठून सुरू होतो?

ही अपेक्षा वॉकमननं घातलेली सवय आहे. सोनीनं पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आणला. आमच्याकडे तो आला बऱ्याच वर्षांनी, मस्कतला नोकरी करणाऱ्या मामाबरोबर. त्याचे दोष आठवतात. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे बडा ख्याल रंगात आला की खट्‌कन आवाज होऊन थांबायचा. बॅटरी उतरली की सूर खाली घसरायचा. पण स्टॉप दाबलं की फीत असेल तिथेच थांबायची. चार दिवसांनी प्ले दाबा, त्याच तानेच्या मध्यापासून सुरू. लक्षात ठेवण्याचं काम फीत आपसूक करायची. डिजिटल यंत्रात ते आपसूक होत नाही. कुठल्या फाइलच्या कितव्या सेकंदाला आपण थांबलो, हे नोंदवून ठेवायची सोय कुणीतरी मुद्दाम करून द्यावी लागते. चार मिनिटांची गाणी ऐकणाऱ्याला तिची गरज भासत नाही, आणि बहुतेक प्लेअर त्याच्यासाठीच बनतात.

म्हणून तपकीर गल्लीतल्या दुकानात जाताना मायक्रोएसडी कार्डावर पन्नास मिनिटांचा एक यमन भरून नेला. प्लेअर बनवणाऱ्यांनी सांगितलेलं काही ऐकायचं नाही, स्वतः पाहायचं, असं ठरवलं होतं. दुकानदार भला माणूस. त्यानं काउंटरवर एकेक डबा उघडत आणला.

“ताई, आवाज तर बघा आधी. बेस बघा.”

“आवाज नंतर. आधी हा बंद करून पुन्हा चालू करू या.”

कार्ड घालायचं, यमन लावायचा, पुढे जायचं बटण दाबून विसाव्या मिनिटापर्यंत न्यायचा, प्लेअर बंद करायचा, मिनिटभर थांबून चालू करायचा. पहिल्यानं कार्डावरचं पहिलं गाणं लावलं. दुसऱ्यानं यमनच लावला, पण सुरुवातीच्या तंबोऱ्यापासून. तिसऱ्याला विसावं मिनिट गाठायलाच इतका वेळ लागला की अंगठा दुखला. तो ठरावीक संथ गतीनंच पुढे सरकत होता, दाबून धरलं तरी वेग वाढत नव्हता. आणखी एकानं पन्नास मिनिटांचा राग भलत्याच लांबीचा दाखवला. फाइलमध्ये बिटरेट कमीजास्त होत असेल आणि तिच्या सुरुवातीला तशी नोंद नसेल, तर साधे प्लेअर लांबीचा अंदाज चुकवतात. घरी येऊन ती फाइल मी १९२ केबीपीएसच्या स्थिर दरानं पुन्हा करून घेतली. एव्हाना दुकानदारालाही गंमत वाटू लागली होती. आतून तो स्वतःहून दोन जुने नमुने घेऊन आला.

मी घेतला तो प्लेअर साध्या गाण्यांच्या फोल्डरमध्ये जागा लक्षात ठेवत नाही, ऑडिओबुकच्या फोल्डरमध्ये मात्र सेकंदासकट ठेवतो. पुस्तक ऐकणारा मध्येच थांबतो हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक होतं. ख्याल ऐकणाराही थांबतो हे त्यांच्या गावीही नसावं. मग माझे सगळे यमन, भूप, मारवा ऑडिओबुकमध्ये गेले. तळजाईवरून उतरताना बंद केलेला मारवा संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याच कोमल रिषभावर पुन्हा उभा राहतो, याचं मोल मला त्या बिटांच्या आकड्यांहून कितीतरी मोठं वाटतं.

दुसरा मुद्दा क्रमाचा. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक असं प्रसारित झालं, एकूण ५६ गाणी. ते क्रमानंच ऐकावं लागतं, ती कथा आहे. प्लेअरमध्ये पहिल्या गाण्यानंतर दहावं लागलं, मग अकरावं, आणि दुसरं कितीतरी नंतर. यंत्र आकडे वाचत नाही, अक्षरांसारखी एकेक खूण जुळवतं, म्हणून १ च्या मागे १० येतो. नावाच्या आधी ०१, ०२ असे दोन अंक घातले की क्रम लागतो. काही स्वस्त प्लेअर नावही पाहत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं फाइली उतरल्या त्याच क्रमानं वाजवतात. तिथे एकेक करून क्रमानं कॉपी करण्यावाचून इलाज नाही. आणि देवनागरी नावांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फाइलींची नावं मी रोमन लिपीत करून घेतली. करताना वाईट वाटलं. मराठी गाणी ऐकणारे इतके लोक असताना एवढासा फाँट घालायला काय जातं?

जागेचा बाऊ मात्र कुणी करू नये. १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे चार जीबीत सत्तरएक तासांचं गाणं मावतं, आणि दर्जा ३२० केबीपीएसपर्यंत वाढवला तरी सत्तावीस-अठ्ठावीस तासांचं. चालताना पायाखालची खडी वाजते, वारा कानावर येतो, मोर ओरडतात. त्यात आवाजातलं काहीही न गाळणारा फ्लॅक आणि चांगला एमपी३ यांतला फरक मला ऐकू येत नाही. तो ऐकायचा तर रात्री, घरात, खिडक्या लावून.

कानात काय घालायचं यावर मी प्लेअरपेक्षाही जास्त विचार केला. घरापासून जंगलाच्या फाटकापर्यंत रस्ता आहे, रिक्षा आहेत, शाळेच्या बस आहेत. कान घट्ट बंद करणारा इअरफोन तिथे घालणं म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला पाठ देणं. उघडा इअरफोन घालावा तर रहदारीवर मात करायला आवाज वाढवावा लागतो, आणि तो वाढवलेला आपल्या लक्षात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. ९० डेसिबलला उरतात आठवड्याचे फक्त चार तास. रोज तासभर चालणारा माणूस ते शनिवारपर्यंत कधीच ओलांडून बसतो. म्हणून रस्त्यावर मी गाणं लावतच नाही. फाटकाच्या आत गेल्यावर तंबोरा सुरू होतो, आणि आवाज तिथल्या शांततेत ठरवलेला असतो, इतका की शेजारून जाणाऱ्या काकांचा ‘नमस्कार’ ऐकू यावा.

गालाच्या हाडावर टेकणारे, हाडातून कंपनं आत पाठवणारे हेडफोनही वापरून पाहिले. कान मोकळे राहतात, रस्त्यासाठी उत्तम. पण खालचे स्वर विरळ होतात. तबल्याचा बायाँ नुसता सूचित होतो, तंबोऱ्याचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. निवेदन, व्याख्यान, नाट्यगीत यांना ते पुरतात, ख्यालाला नाही.

म्हणून साधा वायरचा इअरफोन. वायर कुर्त्यावर घासली की धप्‌धप्‌ असा आवाज थेट कानात येतो. त्यावर उपाय सोपा आहे. वायर कानाच्या मागून वळवून घ्यायची, गळ्यापाशी चिमट्यानं अडकवायची आणि प्लेअर कुर्त्याच्या गळपट्टीला लावायचा, कमरेला नाही. एफएमसाठीही हीच वायर लागते, कारण ती अँटेना म्हणून काम करते. ब्लूटूथचे इअरफोन लावून विविध भारती लागत नाही म्हणून सेट परत करायला निघालेल्या माझ्या मैत्रिणीला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. घामाचं मात्र सांभाळावं लागतं. मीठ पिनेच्या भोकात साचतं आणि एका कानातला आवाज खरखरतो. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारा. पण या चाचण्या गोड्या पाण्याच्या असतात, घामाच्या नव्हेत. घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसणं ही माझी रोजची सवय झाली आहे.

व्यायामाला कुठलं संगीत, यावरही वाचलं. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे, आणि मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय ते उपयुक्त मानतात. माझ्या विलंबित एकतालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची. त्या लयीवर कुणाची पावलं पडणार? माझा अनुभव असा की ती पावलांना ढकलत नाही, पण वेळेचं भान काढून घेते. वळण कधी मागे पडलं हे समेवर आल्यावर कळतं. चढ आला आणि दम लागला की मात्र मी भजनी ठेक्याकडे वळते. आठ मात्रांचा तो ठेका आपल्याकडे चालतानाही वाजत आला आहे. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत टाळ-मृदंगावर पावलं टाकणाऱ्या दिंड्यांना कुणी ठोके मोजून दिले नव्हते. चढासाठी वेगळं फोल्डर आहे, आणि ते न बघता गाठता यावं म्हणून त्याच्या नावाआधी शून्य आहे.

सध्या माझी ठाण्याची धाकटी बहीण याच शोधात आहे. ती पोहते. तिला माझा प्लेअर चालणार नाही, ब्लूटूथही नाही, कारण त्याच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच शोषल्या जातात. गाणी हेडफोनच्याच आत असलेला सेट लागणार, पाण्यात चालणारा, आणि तिथे हाडातून ऐकवणारे सरस ठरतात. कानात बोळे घातले की त्यांचा खर्जही भरतो. अशा सेटना पडदा नसतो, म्हणजे क्रम आधीच नीट लावून ठेवायला हवा. पोहताना बडा ख्याल नको, असं तिचं म्हणणं. एका फेरीला एक द्रुत बंदिश, मध्ये नाट्यगीतं. तिला मी एवढंच सांगितलं आहे की दुकानात गेल्यावर आधी तो बंद करून पुन्हा चालू करून बघ. तोवर मी तिच्यासाठी फाइलींना दोन-दोन अंक घालते आहे.