दांडीचं काम चाकापासून

पद्मिनी गाडीची इंडिकेटरची दांडी तिरकी दिसते, किंवा वळण संपलं तरी इंडिकेटर बंद होत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी मोखाड्याला आमच्या गॅरेजात आलं, तर मी दांडीला हात लावत नाही. आधी चारही टायरची हवा बघतो. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. ‘मिस्तरी, दुखणं वर आहे, तुम्ही खाली काय बघताय?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत होत नाही, म्हणून ते इथं सविस्तर लिहितो.

आमचं रोजचं काम जिपांचं आणि मोटारसायकलींचं. जव्हार, खोडाळा, त्र्यंबक या बाजूंना माणसं नेणाऱ्या जिपा नसत्या तर इथलं गॅरेज चाललंच नसतं. पद्मिनी आता क्वचित येते. कुणाच्या वडिलांनी घेतलेली असते आणि मुलगा ती विकायला तयार नसतो. गाडीवर पद्मिनी लिहिलेलं असलं तरी जुनी माणसं तिला फियाटच म्हणतात. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनायची, आणि 1974 पासून तीच पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. शतक बदलता बदलता ती बनायची थांबली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस उतरली. टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याला किंवा चोरबाजारात एक फेरी मारली की हवा तो स्विच मिळायचा, कारण एक टॅक्सी मोडीत निघाली की दुसरी तिच्या सामानावर चालायची. तो पुरवठा आटला. म्हणून गाडीवर आहे तो स्विच जपणं आणि तो नेमका बसवणं या कामाला आज पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे.

या गाडीच्या स्टेअरिंगच्या कॉलमवर बरीच गर्दी आहे. डाव्या हाताला गिअरची दांडी, दुसऱ्या अंगाला इंडिकेटरची आणि दिव्यांची, मधोमध हॉर्न. जुनी जीप चालवलेला ड्रायव्हर फियाटमध्ये बसला की डिपर द्यायला डावा पाय फरशीवर आपटतो, कारण जिपेत डिपरचं बटण पायाशी असायचं. फियाटमध्ये ते बोटांशी आलं. बोटांनी न बघता दांडी सापडली पाहिजे आणि ती रोज त्याच जागी सापडली पाहिजे. घाटात नजर रस्त्यावरून काढायला वेळ नसतो.

इंडिकेटर आपोआप बंद कसा होतो, हे एकदा समजलं की पुढचं सगळं समजतं. स्विचमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या दोन छोट्या जिभा असतात, एक डावीकडच्या वळणाची आणि एक उजवीकडच्या. स्टेअरिंगच्या पाठीमागे त्याच्याबरोबर फिरणारी एक खुंटी असते. आपण डावी साइड दाखवली की डावीकडची जीभ खुंटीच्या वाटेत पुढे येते. स्टेअरिंग डावीकडे फिरताना खुंटी तिला दाबून सहज निघून जाते. परत येताना मात्र जीभ अडते, खुंटी तिला ढकलते आणि दांडी मधल्या जागी येते. दाराच्या ऑटोमॅटिक कुलपाची जीभ एका बाजूने दबते आणि दुसऱ्या बाजूने अडते, तसंच हे आहे.

आता पुढची चाकं अगदी सरळ असताना ही खुंटी दोन्ही जिभांच्या बरोबर मध्ये हवी. ती एका बाजूला सरकलेली असेल, तर एका वळणाला इंडिकेटर स्टेअरिंग जरा हललं तरी पडतो, आणि दुसऱ्या वळणाला मोठं वळण घेऊनही पडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं स्विच गेला. स्विच बहुतेक वेळा शाबूत असतो. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंगच तिरकं असतं, आणि खुंटी त्याच्याबरोबर तिरकी झालेली असते.

मग स्टेअरिंग तिरकं का? कधी कुणी ते काढून एक दाता चुकवून बसवलेलं असतं. कधी टायरॉड बदलताना एकाच बाजूची लांबी कमी-जास्त केलेली असते, त्यामुळे चाकं सरळ दिसतात पण स्टेअरिंग मधोमध राहत नाही. आमच्या रस्त्यांचे खड्डेही तेवढेच जबाबदार; एखादा दणका बसून टायरॉड किंचित वाकतो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. आणि कधी यातलं काहीच नसतं, नुसती एका टायरमध्ये हवा कमी असते. गाडी त्या बाजूला ओढते, ड्रायव्हर नकळत स्टेअरिंग उलट्या बाजूला धरून ठेवतो. म्हणून मी हवेपासून सुरुवात करतो.

त्यानंतर गाडी सपाट जागेवर घ्यायची. मोखाड्यात सपाट जागा शोधावी लागते, पण ती शोधल्याशिवाय हे काम करू नये. रस्त्याला मधून कडेला उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्या उतारामुळे नीट असलेली गाडीही जरा डावीकडे जाते. एकदाच चालवून बघितलं तर माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो.

पुढचं चाक जॅकवर उचलायचं, हाताने हलवून कुठे प्ले आहे ते बघायचं. सांधे ढिले असतील तर आधी ते. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायचे आणि निम्म्यावर थांबायचं. तो स्टेअरिंग बॉक्सचा मध्य. वर्म-रोलर जातीच्या या जुन्या बॉक्समध्ये मधोमध सगळ्यात कमी प्ले असतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. गाडीचं जास्त आयुष्य सरळ रस्त्यावर जातं. बॉक्स मध्यावर असताना चाकं सरळ नसतील, तर दोन्ही टायरॉड सारख्याच आट्यांनी फिरवायचे, एक आखूड तर दुसरा लांब. एवढं झालं की मगच स्टेअरिंगच्या नटाकडे वळायचं. त्याआधी बॅटरीची केबल काढलेली हवी, कारण हॉर्नची वायर तिथून जाते. नट सोडण्याआधी शाफ्टवर आणि स्टेअरिंगवर पंचाने किंवा रंगाने एक खूण करायची.

आमच्याकडे जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा शिकायला आहे. तो मला विचारायचा, ‘मिस्तरी, वाकडं बसलंय ते माहीत आहे, मग त्याची खूण कशाला?’ मी त्याला सांगितलं, ‘बाळा, कुठून निघालो ते माहीत असलं म्हणजे किती गेलो ते कळतं.’ एक दाता म्हणजे नेमका किती फरक, हे त्या खुणेशिवाय समजत नाही. आता तो स्वतःच आधी खूण करतो.

स्विचचा नंबर सगळ्यात शेवटी. डॅशबोर्डखालचा कॉलमचा क्लॅम्प घट्ट आहे का ते बघायचं, कारण कॉलमचा पाईपच फिरत असेल तर त्यावरचा स्विच जागेवर राहणार नाही, आणि गिअरची दांडीही कुरकुर करणार. मग स्विचचा क्लॅम्प थोडा सैल करून तो गोल फिरवत दोन्ही जिभांच्या मध्ये खुंटी आणायची. अंतरही बघायचं. स्विच फार जवळ गेला तर खरखर ऐकू येते, फार लांब राहिला तर खुंटी जिभेला पोचतच नाही. स्क्रू आवळताना मनगटाचा जोर पुरे, जुनं प्लॅस्टिक तडकायला वेळ लागत नाही. वायरी ताणून बांधायच्या नाहीत, थोडा वेढा मोकळा ठेवायचा.

यातलं काहीही न करता दांडी वाकवून सरळ दिसेल अशी करणारे आहेत. खुंटीला कानस मारणारे आहेत. मला हे काम मान्य नाही. एकदा कानस मारली की पुढच्या मिस्त्रीला मूळ माप मिळत नाही, आणि या गाडीची नवी खुंटी आता कुठून आणायची?

आमच्या भागात या गोष्टीला जिवाची किंमत आहे. त्र्यंबककडे जाताना तोरंगणचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचे फक्त दिवे दिसतात. घाटात पुढचा ड्रायव्हर डावा इंडिकेटर देऊन ‘ये पुढे’ असं सांगतो. कुणी तेच उजवा देऊन सांगतो. मागचा त्यावर विश्वास ठेवून पुढे निघतो. अशा वेळी मागच्या वळणावर न पडलेला इंडिकेटर तसाच लुकलुकत राहिला, तर ती गाडी खोटी खबर देत चाललेली असते आणि आतल्याला पत्ता नसतो. आणखी एक सांगतो. हलक्या वळणात स्टेअरिंग पुरेसं फिरत नाही, म्हणून चांगला बसवलेला स्विचही तिथं आपोआप पडणार नाही. तिथं तो हातानेच बंद करावा लागतो.

दमट हवेत स्विचच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट कीट चढतो. तो पेट्रोलने आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकला पाहिजे. गती बिघडली तर आधी बल्ब आणि अर्थ तपासा. पण स्विच जळतो तो बहुधा हौसेने. घाटात उजेड हवा म्हणून लोक हेडलाइटला 100 वॅटचे बल्ब लावतात. दोन बल्बांचे 200 वॅट, 12 व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर, आणि जुन्या वायरिंगमध्ये हा सगळा करंट त्या चिमुकल्या स्विचमधून जातो. मोठे बल्ब लावायचेच असतील तर रिले बसवा. खर्च किरकोळ आहे आणि स्विच वाचतो.

तुमच्या घरी फियाट असेल, तर गॅरेजवाल्याने स्टेअरिंगचा नट सोडण्याआधी त्याला खूण करायला सांगा. काढलेला जुना स्विच त्याच्याकडे सोडून येऊ नका, घरी आणा. त्याच्या जिभा, स्प्रिंग आणि पट्ट्या पुढच्या दुरुस्तीला लागतील.