दुधाचा रिश्ता आणि नवरा-बायको

आपल्या घरांत दूधभाऊ, दूधबहीण ही नाती आजही मानली जातात. जिंतूर, पाथरी, मानवतकडच्या जुन्या बायका रिश्ता जुळवताना आधी विचारतात, लहानपणी कोणी कोणाला पाजले होते का? सूरह निसाच्या 23व्या आयतीत ज्यांच्याशी निकाह हराम सांगितला आहे, त्यांत दूध पाजणारी आई आणि दूधबहीण आहेत. एवढे सर्वांना पाठ असते. त्यावरून एक अर्धवट हिशेब मांडला जातो : जिचे दूध प्यायले ती आई. मग नवऱ्याने प्यायले तर?

हा सवाल चारचौघांत कोणी विचारत नाही. आमच्याकडे तो येतो पालक सभा संपल्यावर, बाकीच्या बायका बाहेर पडल्यावर. "आपा, एक बात पूछूं? शरम की है." एका बाईचे दुसरे बाळ पाच महिन्यांचे होते. नवरा-बायकोच्या प्रेमात ते घडले. जबरदस्ती नव्हती, दोघांच्या खुशीने झाले. तिने जेठानीला हसत हसत सांगितले. जेठानीने कपाळावर हात मारला, "निकाह टूट गया तेरा. अब वो तेरा बेटा हो गया." बाई बाळाला घेऊन माहेरी आली आणि अडीच महिने तिथेच राहिली. नवऱ्याचा फोन घेईना. आई-बापाला कारण सांगता येईना. त्यांना वाटले, मारझोड होत असावी. जावयाकडे माणसे पाठवायची तयारी सुरू झाली.

निकाह तुटत नाही. हे आमच्या पदरचे नाही. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये नेमका हाच मामला आलेला आहे. एका माणसाने येऊन विचारले, बायकोचे दूध चोखताना माझ्या पोटात गेले, आता काय? हजरत अबू मूसा अशअरी म्हणाले की, ती तुझ्यावर हराम झाली असे मला वाटते. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी त्यांना तिथेच टोकले. दुधाचे नाते पहिल्या दोन वर्षांतच जुळते, त्यानंतर नाही, असा त्यांचा निर्वाळा. अबू मूसांनी तो मान्य केला आणि हा आलिम तुमच्यात असेपर्यंत मला काही विचारू नका, असे लोकांना सांगितले. एवढा मोठा सहाबी, पण क्षणात आपले मत सोडले. आमच्या मोहल्ल्यातल्या जेठान्या मात्र सोडत नाहीत!

दोन वर्षांचा आधार सूरह बकरहची 233वी आयत. इमाम अबू हनीफा यांनी मुदत अडीच वर्षांची धरली, त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी दोन वर्षांची. बाळाच्या बाबतीत हनफी मसलक फार कडक आहे, एक घोट गेला तरी नाते जुळते. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र कितीही गेले तरी जुळत नाही.

मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्येही हा मसला आहे. नवऱ्याने बायकोचे दूध प्यायले तर निकाह कायम राहतो, पण गुनाह होतो, असे ते लिहितात. अरब देशांतले काही उलेमा नवरा-बायकोच्या बाबतीत एवढेही कडक नाहीत. मतभेद आहे तो गुनाह आहे की नाही यावर. निकाहवर नाही. हे पुस्तक आपल्याकडे दुल्हनला जहेजमध्ये देतात. मग ते जुजदानात बांधून फळीवर जाते. आता तर मुली मराठी, इंग्रजी शाळांत शिकतात, त्यांना उर्दू वाचता येत नाही. लाज वाटेल असे प्रश्न बुजुर्गांनी बायकांसाठी सोप्या भाषेत लिहून ठेवले, आणि बायकांना फतवा मिळतो तो चुलीपाशी.

2007 मध्ये अल-अजहरच्या हदीस विभागाचे प्रमुख इज्जत अतिया यांनी दुसरे टोक गाठले. बाईने दफ्तरातल्या सहकारी पुरुषाला पाच वेळा दूध पाजावे, म्हणजे दोघांना एका खोलीत काम करता येईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आधार दिला हजरत सालिम यांच्या प्रसंगाचा. बहुतेक उलेमा तो त्या एका घरापुरताच मानतात. मोठा गदारोळ झाला, त्यांना निलंबित केले गेले, मत मागे घ्यावे लागले. जगभर हसू झाले ते झालेच.

त्या बाईला आणखी एक भीती होती. नवऱ्याजवळ असताना दूध आपोआप वाहायचे. आपले शरीर बिघडले, ही अल्लाहची सजा आहे, असे तिला वाटे. आम्ही तिला समजावले. चोखण्याने मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिनने दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनने बाहेर येते. हेच ऑक्सिटोसिन नवरा-बायकोच्या जवळिकीतही वाढते, म्हणून दूध वाहते. यात बीमारी नाही. बाळाचा हक्क आधी, एवढे पाळावे.

तिने सारे ऐकून घेतले. मुवत्ताचा किस्सा दोनदा सांगायला लावला, जेठानीला सांगायचा म्हणून. जाताना दारात थांबून म्हणाली, "आपा, जबरदस्ती नहीं थी बोली ना मैं. मेरेको भी अच्छा लगा था. उसका क्या लिखा है?"

दूध कोणाचे, किती घोट, कोणत्या वयात, हे सारे आमच्याकडच्या किताबांत होते. तिने विचारलेले आम्हाला सापडले नाही.