दोन चित्रांच्या मधे

दुकानात मांडलेल्या मॉनिटरवर नेहमी एकाच जातीची चित्रं चालू असतात. निळंशार पाणी, लाल मिरच्या, पोपट, हळूहळू उमलणारं फूल. कॅमेरा सावकाश सरकतो, रंग डोळ्यांत भरतात आणि गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे जातो. यात खोटं काही नाही, पण गेम खेळणाऱ्याला त्यातून काही कळतही नाही. गेममध्ये चित्र थांबतच नाही. माउसला झटका दिला की अख्खं दृश्य या टोकाचं त्या टोकाला जातं, आणि मॉनिटरची खरी लायकी दिसते ती तेव्हा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरची मशिनं जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मॉनिटर पारखताना चित्र कसं दिसतं ते मी नंतर बघतो, आधी ते बदलतं कसं ते बघतो.

म्हणून नवा पीस उघडला की त्यावर मी पोपट लावत नाही. बातम्यांचं एखादं लांबलचक पान उघडतो आणि ते एकसारखं वर सरकवत मथळे वाचता येतात का ते बघतो. करड्या पार्श्वभूमीवर गडद रंगाची खिडकी पकडून इकडून तिकडे ओढतो. तिच्यामागे सावली रेंगाळते का? की उलट उजळ कड उमटते? मग मोबाइल काढून तेच स्लो मोशनमध्ये टिपतो. समोरच्या पोराला आधी वाटतं, काकांचं काहीतरी बिघडलंय. थोड्या वेळाने तोच स्टूल पुढे ओढून वाकून बघायला लागतो.

डब्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा हर्ट्झचा असतो. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो, तो. ६०, १४४, १६५, २४०, ३६०. मुलं हे आकडे चढत्या भाजणीने वाचतात. मी ते उलटे करून सांगतो. एका चित्राच्या वाट्याला वेळ किती येतो? ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद, १४४ ला जवळपास ७, २४० ला ४.२, ३६० ला २.८. असं मांडलं की हिशोब उघडा पडतो. ६० वरून १४४ वर गेलं की दर चित्रामागे जवळजवळ १० मिलिसेकंद सुटतात. १४४ वरून २४० वर गेलं तर तीनच्याही आत. आणि २४० वरून ३६० वर जायला जे पैसे मोजायचे, त्यात हाती लागतात जेमतेम १.४. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत खेळणाऱ्याला तेवढेही हवेसे वाटले तर त्याला नाव ठेवू नये. दोन तुल्यबळ खेळाडू एकाच कोपऱ्यावर समोरासमोर आले तर एवढ्यातेवढ्यानेही निकाल फिरतो. बाकीच्यांना मी १४४ ते १८० च्या दरम्यान थांबा म्हणतो. दुकानाच्या शेठला ते आवडत नाही.

पण हर्ट्झचं काम तेवढंच नाही. एलसीडी पडदा एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत ते तसंच धरून ठेवतो. डोळा मात्र थांबत नाही. पळणाऱ्या शत्रूच्या मागे तो सलग सरकत असतो. पडद्यावरचा शत्रू जागच्या जागी गोठलेला आणि डोळा पुढे निघालेला, त्यामुळे ते चित्र डोळ्याच्या आत फरफटतं, ओल्या शाईच्या शिक्क्यावरून बोट फिरवावं तसं. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झला एका चित्राच्या काळात १६ पिक्सेल जाते, म्हणजे दिसणारा फराटाही सोळाचा. १२० ला तो ८, २४० ला ४. पिक्सेल कितीही चपळ असोत, हा फराटा चुकत नाही. ओएलईडीच्या डब्यावर ०.०३ मिलिसेकंद छापलेलं असतं आणि त्याचे पिक्सेल खरोखरच झटक्यात बदलतात. तरीही ६० हर्ट्झवर चालवलेल्या ओएलईडीवर मथळे धड वाचता येत नाहीत.

जुन्या डबा मॉनिटरला, म्हणजे सीआरटीला, हा रोग नव्हता. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळून वाढलेली माझ्या पिढीची माणसं अजून सांगतात की तेव्हा नेम चांगला बसायचा. त्यात वयाचा भाग असेल, पण पडद्याचाही आहे. सीआरटीमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत ज्या ठिपक्यावर पडेल तो उजळायचा आणि लगेच विझायचा. पुढचं चित्र येईपर्यंत ती जागा जवळजवळ काळी. फरफटायला काही शिल्लकच नाही. १९९५ च्या सुमारास प्रोग्रामर जॉन कारमॅक ‘क्वेक’ या गेमचं काम करत होता तेव्हा त्याच्या टेबलावर इंटरग्राफचा २८ इंची सीआरटी होता, तोही १९२० बाय १०८० चा. त्या मॉनिटरसमोर बसलेला त्याचा फोटो आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी जपून ठेवलेला आहे. पुढे सपाट पडदे आले. टेबल मोकळं झालं, वीज वाचली, हमालाची पाठ वाचली, आणि हालचालीतली ती स्वच्छता गेली. आज हर्ट्झचे आकडे वाढतायत त्यातला बराचसा भाग ही जुनी उधारी फेडण्यात जातो. काही मॉनिटर दोन चित्रांच्या मधे मागचा दिवा क्षणभर विझवून सीआरटीची नक्कल करतात. चित्र एकदम स्वच्छ होतं, पण उजेड उतरतो आणि काहींचं डोकं दुखतं. स्वतः बसून बघितल्याशिवाय त्याचे जादा पैसे देऊ नयेत.

दुसरा आकडा ‘१ मिलिसेकंद’. तो आता इतक्या डब्यांवर असतो की मी वाचायचा सोडलाय. पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा हा वेळ, आणि तो कुठल्या दोन छटांमधला हे कंपनी आपल्या सोयीने निवडते. शिवाय तो मोजलेला असतो ओव्हरड्राइव्ह पूर्ण ताणून. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का देऊन लवकर पोचवणं. धक्का जास्त झाला की पिक्सेल मुक्काम ओलांडून पुढे जातो आणि हलणाऱ्या वस्तूच्या मागे उजळ कड दिसते. मी मघाशी खिडकी ओढून शोधत होतो ती हीच. मॉनिटरच्या मेनूत याला नावं निरनिराळी असतात, पायऱ्या साधारण तीन-चार. बहुतेक वेळा मधली बरी. सगळ्यात वरची पायरी डब्यावरच्या आकड्यासाठी ठेवलेली असते, माणसांसाठी नाही.

टीएन, आयपीएस, व्हीए या पॅनेलांची भांडणं आता पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. टीएन वेगवान होतं, पण मान जरा खाली घातली की रंग पालटायचे. आज ते स्पर्धेसाठी बनवलेल्या मोजक्या मॉडेलांपुरतं उरलंय. आयपीएस कुठूनही बघा, रंग जागचे हलत नाहीत. पण काळा रंग म्हणायचा काळा, अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांतून राखाडी उजेड झिरपतो. व्हीएचा काळा खरंच काळा. आयपीएसचा काँट्रास्ट हजाराला एकच्या आसपास, तर व्हीएचा तीन हजारांच्या पुढे. पण स्वस्त व्हीएमध्ये गडद छटा बदलायला इतका वेळ घेतात की अंधारातून पळणारा माणूस काळ्या ओघळासारखा दिसतो. भुताखेतांचे गेम रात्री दिवा मालवून खेळणाऱ्याला मी चांगला व्हीए देतो, बाकी सगळ्यांना आयपीएस. पैसा असेल तर ओएलईडी. फक्त त्याच मॉनिटरवर दिवसभर एक्सेल उघडं राहणार असेल तर तो घेऊ नका, एकाच जागी थांबलेल्या रेघा त्याच्यावर कायमच्या उमटू शकतात.

खरा घोळ होतो तो ग्राफिक्स कार्डापाशी. मध्यंतरी डोंबिवलीहून एक मुलगा आईला घेऊन आला होता. घरच्या मशिनीत जीटीएक्स १६५० कार्ड, आणि मागणी २७ इंची, फोर-के, १४४ हर्ट्झ.

“काका, घ्यायचाच तर एकदम बेस्ट घेतो ना.”

मी कागदावर लिहून दिलं. साध्या फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी मध्ये ३६.९ लाख. फोर-केमध्ये ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. तुझं कार्ड आज ज्या गेमला सेकंदाला ७० चित्रं देतंय, त्याला चौपट रंगवायला सांगितलंस तर किती देईल? तो गप्प. पडदा कितीही वेगाने बदलू शकला तरी त्याला बदलायला चित्र कार्डानेच पुरवायचं असतं. रिझोल्यूशन उतरवून खेळता येतं, पण फोर-केच्या पडद्यावर कमी पिक्सेलचं चित्र ताणून बघायचं तर त्याचे पैसे कशाला मोजायचे?

मग आकार. मी त्याला विचारलं, टेबल केवढं आहे? उत्तर आईने दिलं, “अहो भाऊ, पलंगाला लावलेलं फोल्डिंगचं आहे. हातभर सुद्धा नाही.” हातभर अंतरावर २७ इंची पडद्याचे कोपरे बघायला मान फिरवावी लागते, आणि गेममधला नकाशा नेमका कोपऱ्यातच असतो. स्पर्धेतले खेळाडू अजूनही २४ इंचांच्याच आसपास राहतात त्याचं कारण हेच, सगळं एका नजरेत मावतं. वर २७ इंचांवर फुल एचडी घेतलं तर इंचाला ८२ च पिक्सेल, अक्षरांच्या कडा मोजता येतात. २४ इंचांवर तेच ९२ होतात. १४४०पी घेतलं तर २७ इंचांवर १०९, आणि ती जोडी मला सगळ्यात समंजस वाटते. पण तिला कार्डही तसं लागतं. तर २४ इंची, फुल एचडी, १४४.

त्याने विचारलं, “पण माझं कार्ड सत्तरच देतंय तर साठचा किंवा पंचाहत्तरचा का नको?” प्रश्न चांगला होता. कार्डाची चित्रं ठरावीक तालात येत नाहीत. धूर, स्फोट, गर्दी आली की मंदावतात. पडदा वरून खाली रंगवत असताना मधेच नवं चित्र आलं की वरचा अर्धा जुना आणि खालचा अर्धा नवा, खांब मधेच मोडल्यासारखा दिसतो. पूर्वी याला उपाय एकच, कार्डाला थांबवून ठेवायचं. मग माउस जड लागायचा. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक आणलं आणि पडदाच कार्डासाठी थांबायला लागला; पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा बोर्ड लागे आणि किंमत चढे. पुढच्या वर्षी पडद्यांची प्रमाणं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने तीच सोय डिस्प्लेपोर्टच्या प्रमाणात घातली, एएमडीचं फ्रीसिंक तिच्यावर उभं राहिलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं त्या मॉनिटरांसाठी खुली केली. तेव्हापासून ही सोय स्वस्त मॉनिटरमध्येही असते. मेख तिच्या टप्प्यात आहे. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरचा टप्पा बरेचदा ४८ ते ७५. कार्ड चाळीसवर घसरलं की सोय बंद, चित्र पुन्हा मोडकं. १४४ वाला मात्र चाळीसला प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ऐंशीवर नेतो आणि टप्प्यातच राहतो. म्हणून हळू कार्डालाही वेगवान पडदा मानवतो. हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

डब्यावर लिहिलेलं असतं ते ‘एचडीआर ४००’. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

आईचा प्रश्न राहिला होता. “डोळ्यांना त्रास नाही ना होणार याने?” ताईंना मी हर्ट्झ सांगत बसलो नाही. डब्यातून निघालेल्या मॉनिटरचा उजेड दुकानातल्या ट्यूबलाइटींशी झुंजायला ठेवलेला असतो, तो रात्रीच्या खोलीत निम्म्याखाली आणायचा. खिडकी पाठीमागे नको, तिचं प्रतिबिंब पडतं. समोरही नको, डोळे दिपतात. ती बाजूला असावी. आणि जेवायला हाक मारली की उठायचं. शेवटच्या वाक्याला त्यांनी जोरात मान हलवली. बिल तिथेच झालं.

असा मॉनिटर गेला की आठवडाभरात फोन येतो, फरक काहीच वाटत नाही म्हणून. मी विचारतो, केबल कुठे लावलीस? बरेचदा ती कार्डात नसून मदरबोर्डात असते, किंवा जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल तशीच ठेवलेली असते. ते नीट असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जायला सांगतो. तिथे ६० च दिसतं. विंडोज बरेचदा साठवरच बसतं, १४४ हाताने निवडावं लागतं. वर्ष-वर्ष लोक १४४ चे पैसे देऊन ६० वर खेळलेत.

मात्र काहींना सगळं नीट जोडूनही फरक दिसत नाही, आणि ती थापही नसते. आणि काहींना तो दाखवूच नये. गिरगावातले एक सेवानिवृत्त गृहस्थ माझ्याकडे येतात, ते क्रिकेट ०७ खेळतात. ईए स्पोर्ट्सचा २००६ चा गेम. कंपनीने पुढे ती मालिका गुंडाळली, तरी आयपीएलचे नवे संघ घालून पोरं तो अजून जिवंत ठेवतात. यांना त्यासाठी नवा मॉनिटर हवा होता. मी ६० च्या घरातलाच एक साधा आयपीएस दिला, उंची बदलता येईल अशा स्टँडचा, कारण त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे आणि मान वर करून बघावं लागतं. शेजारीच १४४ चालू होता. तो त्यांना मी हलवून दाखवला नाही आणि दाखवणारही नाही. तो फरक एकदा दिसायला लागला की साठवर परत बसवत नाही, आणि मग कार्ड बदला, एसएमपीएस बदला, कॅबिनेट बदला. पेन्शनीत ते बसणारं नाही.