पारण्याचा मूग

पाच महिन्यांत चौदा किलो वजन उतरले, तेव्हा बोईसर-नवापूर रस्त्यावरील आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण कौतुक करी. त्या कडक आहारात पोळी, भात, तूप, गूळ सारे वर्ज्य होते. ते व्रत नव्हते. केवळ काट्याचे भय होते. मुलीच्या वाढदिवशी तिने पुढे केलेला शिऱ्याचा घास मी परतवला. तिचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

आहार संपताच मी भरल्या ताटावर बसलो. आठ दिवसांत अडीच किलो परत! त्यातले पुष्कळसे पाणीच असते, पिष्टाच्या साठ्याबरोबर शरीर ते धरून ठेवते, हे मला कुठे ठाऊक? पुन्हा उपाशी राहण्याच्या बेतात होतो, तोच आई म्हणाली, "अरे, अठ्ठाईचे पारणे कुणी लाडवाने करते का?"

तिचे पारणे मुगाच्या पाण्याने होते. मीही तसेच केले. पहिल्या आठवड्यात दुपारी एकच फुलका वाढवला, पुढच्यात थोडा भात, मग चमचाभर तूप. आता दोन वेळचे जेवण. डॉ. जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. दीक्षितांनी घरोघरी नेलेली ही पद्धत आईच्या बियासण्याची शेजारीणच वाटते. (मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र आधी वैद्यांना विचारावे.) पोटात थोडी जागा ठेवून उठणे, ही ऊनोदरी मला अजून नीट साधत नाही.

गेल्या रविवारी नवापूरच्या किनाऱ्यावर मुलीने खाकऱ्याचा तुकडा पुढे केला. सूर्य अजून पाण्यावर होता. मी घेतला.