पू दीर्घ

रायपूर ते नागपूर रेल्वेनं तीनशे किलोमीटर. सकाळी निघालं की जेवायला लेकीकडे. वंदे भारत आणखी लवकर नेते, पण ह्यांना खिडकी उघडणारी गाडी लागते. काचेआडचा प्रवास दवाखान्यासारखा वाटतो म्हणतात, आणि गेल्या वर्षीच्या अँजिओप्लास्टीनंतर ह्या उपमेवर मी वाद घालत नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन स्लीपरच्या डब्यात बसलो. काम एकच. लेकीच्या घराजवळचा एक फ्लॅट बघायचा, आणि पसंत पडला तर तात्यापाऱ्यातलं घर विकायचं. गिऱ्हाईक बयाणा घेऊन थांबलेलं होतं.

ह्यांचे आजोबा नागपूरहून रायपूरला बदलीवर आले, तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती आणि राजधानी नागपूर होती. कारकुनाचा जिल्हा बदलला, एवढंच. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर मध्य प्रदेशात. २००० साली त्याच तारखेला छत्तीसगड झालं. घर जागचं हललं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. अठराव्या शतकात भोसल्यांच्या अमलात आलेली घराणीही इकडे आहेत. त्यांच्यापुढे आम्ही कालचे. तरी अजून कुणी ना कुणी विचारतंच, "तुम्ही मूळचे कुठले?" ह्यांना त्या प्रश्नाचा राग येतो. मला येत नाही, कारण माझ्याकडे उत्तर आहे. मी नागपूरची, महालातली. लग्न होऊन रायपूरला आले आणि पहिली दहा वर्षं तरी रोज मनातल्या मनात परतीची गाडी पकडत होते.

दुर्ग गेलं, शिवनाथ नदी गेली. राजनांदगाव आलं की मला मुक्तिबोध आठवतात, नेहमीच. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये इथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले, आणि १९६४ मध्ये गेले तोवर हेच त्यांचं गाव राहिलं. घरी मराठी, लिहिलं हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र नागपूरला, त्यांची कविता मराठीत. एकाच आईच्या दोन मुलांच्या दोन भाषा, आणि मध्ये हीच रेल्वेलाइन. अभ्यासक ह्यावर पुष्कळ लिहितात. मला मात्र एवढंच जाणून घ्यावंसं वाटतं, की हे दोघे एकमेकांना भेटले की स्वयंपाकघरात बसून कशावर हसत असतील.

डोंगरगडला बमलेश्वरीच्या डोंगराकडे बघून ह्यांनी हात जोडले आणि लगेच खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "कइसे देवत हस, दाई?" बोरांची टोपली घेतलेली म्हातारी खूश. छत्तीसगढीत ह्यांचा आवाजच बदलतो, थोडा सैल होतो. नागपूरच्या मराठीत तो तसा होत नाही. तिथे ते जपून बोलतात, कुणी 'हिंदी वळणाचं' म्हणेल म्हणून. (नागपूरकरांनी हे म्हणावं, हाही एक विनोदच.)

मग जंगल आणि दरेकसाचा बोगदा. पलीकडे महाराष्ट्र. पाट्यांवर हिंदीच्या जोडीला मराठी येते, आणि गोंदियासारख्या नावाला त्याचा काही उपयोग नसतो, कारण दोन्हीकडे अक्षरं तीच. फरक पडतो तो आमच्या गावांना. हिंदीत रायपुर, नागपुर. मराठीत रायपूर, नागपूर. एका उकाराचा काय तो फरक.

ह्या उकारावर ह्यांचं आयुष्य गेलं म्हटलं तरी चालेल. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. तिथल्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेची मुद्रितं तीस-पस्तीस वर्षं हे तपासत आलेत. छापखान्यातून दर वर्षी 'रायपुर' यायचं आणि हे दर वर्षी लाल शाईनं समासात लिहायचे : पू दीर्घ. मालक वारले, मुलगा बसू लागला, खिळे जाऊन संगणक आला. 'पू दीर्घ' चालूच. मी थट्टा करायची, की एवढ्यानं मराठी वाचते का? वाचत नसेलही. पण नागपुरात हे काम करायला कुणी लागत नाही. तिथे 'पू' आपोआप दीर्घच होतो.

हे माझ्या डोक्यात आलं आमगावच्या आसपास. तेवढ्यात हे म्हणाले, "चाळीस वर्षं तुला नागपूर हवं होतं. बघ, आलं."

मी पुरीचा डबा उघडला.

फ्लॅट चांगला होता. चौथा मजला, लिफ्ट, पूर्वेचा वारा, हृदयरोगतज्ज्ञ दहा मिनिटांवर. दाखवायला आलेला मुलगा आमच्याशी सरळ हिंदीत सुरू झाला. ह्यांनी मराठीत विचारलं, पाणी किती वेळ येतं? तो चमकला. "काका, तुम्ही रायपूरचे ना? तुमची मराठी तर मस्त आहे हो!" त्याच्या मनात काही नव्हतं, कौतुकच होतं. हे हसले. पुढच्या खोल्या त्यांनी न बोलता पाहिल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. गेल्या वर्षी दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा मला ते इतके परके दिसले नव्हते.

त्या मुलाला मी म्हटलं, "विकत घ्यायचं सध्या राहू दे. भाड्यानं मिळेल का, चार-पाच महिने?"

रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "पोरीला काय सांगायचं?"

"डॉक्टरांच्या तपासण्या होईपर्यंत इथे. आषाढ संपायच्या आत परत. आणि त्या बयाणावाल्याला आज रात्रीच फोन करा, नाही म्हणून."

"आणि तुझं नागपूर?"

"आहे ना, चार-पाच महिने. पुढे पत्रिकेची मुद्रितं येतील, ती कोण बघणार?"

"मुद्रितं आता मोबाइलवर येतात," हे म्हणाले, आणि पिशवीतली राहिलेली बोरं काढून मोजू लागले, नातवाला पुरतील का म्हणून.