सांगाती

विद्वान म्हणून एकदां नांव झालें, कीं त्या माणसाची विचारपूस थांबते; सारे त्याच्याकडे उत्तरें मागावयास येतात. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाच्या वांट्याला ही स्थिति हटकून येते. तीस वर्षें तो इतरांच्या शंका फेडीत असतो. त्याच्या अंतरंगांत काय चाललें आहे हें विचारावें, असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हा विचार मला अलीकडे अस्वस्थ करूं लागला आहे, आणि त्याबरोबर इव्हलिन अंडरहिल या इंग्रज विदुषीचें चरित्र आठवतें.

कबीराच्या पदांच्या इंग्रजी भाषांतरांत रवींद्रनाथांना साह्य करणाऱ्या त्या याच. १९११ सालीं निघालेल्या ‘मिस्टिसिझम’ या ग्रंथानें साक्षात्काराच्या विषयांत त्यांचा अधिकार सर्वमान्य झाला. असें असतां १९२१ मध्यें त्या बॅरन फॉन ह्यूगेल यांच्याकडे गेल्या, आणि आपल्याला मार्ग दाखवावा अशी त्यांनीं विनंति केली. देवाविषयीं ग्रंथ लिहिणें निराळें आणि देवापाशीं राहणें निराळें, हें त्यांना उमगलें असावें.

ख्रिस्ती धर्मांत ही प्रथा फार जुनी आहे. चवथ्या शतकांत इजिप्तच्या वाळवंटांतील तपस्व्यांपाशीं तरुण साधक आपल्या मनांतील विचार उघडे करीत. इग्नेशियस लोयोला याच्या साधनाग्रंथाला १५४८ सालीं पोपची मान्यता मिळाली. त्यांत मार्गदर्शकाला एक मर्यादा घातलेली आहे: त्यानें तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें स्थिर राहावें, आणि जीव व ईश्वर यांचा व्यवहार त्यांचा त्यांना करूं द्यावा.

ह्यूगेल यांनीं ही मर्यादा पाळली. ते कॅथॉलिक, पण पाद्री नव्हेत, बाई अँग्लिकन. त्यांनीं पंथ बदलावा असा आग्रह ह्यूगेल यांनीं धरला नाहीं. आठवड्यांतून दोन दुपारी गरिबांच्या घरीं जात जा, असें मात्र सांगितलें. ग्रंथांत बुडालेल्या विदुषीला हें औषध! पण तें लागू पडलें. निराकारांत रमणाऱ्या आपल्या मनांत येशूविषयीं जिव्हाळा उपजला तो त्यांच्यामुळें, असें बाईंनीं पुढें कृतज्ञतेनें सांगितलें आहे. १९२५ च्या जानेवारींत ह्यूगेल वारले. बाई पुढें स्वतःच अनेकांच्या मार्गदर्शक झाल्या. खुद्द ह्यूगेल यांनाहि तिशींत पॅरिसचे आबे ह्युव्हलां यांनीं असाच हात दिला होता.

आपल्याकडील वाचकाला येथें गुरु आठवेल. पण गुरु या शब्दांत अनुग्रह आहे, शरणागति आहे. या नात्याला मला वारकऱ्यांचा ‘सांगाती’ हा शब्द अधिक शोभतो. सांगाती पंढरीला नेत नाहीं. तो बरोबर चालतो, आणि आपण वाटेंत रेंगाळलों तर कां म्हणून विचारतो. एकांतांतल्या प्रार्थनेंत आपण ईश्वराशीं बोलत आहों कीं आपल्याच आवाजाचा पडसाद ऐकत आहों, हें एकट्याला ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं शेजारीं दुसरा कान लागतो, आणि बुद्धि जितकी वाक्पटु तितकी त्याची गरज अधिक.

मी ख्रिस्ती नाहीं. पण ही गरज धर्मभेद मानीत नाहीं. माझ्याहून वयानें वडील अशा एका स्नेह्यांना मीं परवांच पत्र लिहिलें: महिन्यांतून एकदां आपल्याकडे येऊं द्यावें, उपदेश नको, ऐकून घ्यावें, आणि मी भलतीकडे वळलों तर तेवढें सांगावें. उत्तराची वाट पाहत आहें.