कानाला परवडणारा डॅक

कॉम्प्युटरवर शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला कधी ना कधी 'डॅक'चं खूळ लागतंच. डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. गाण्याच्या फाईलमध्ये असतात नुसते आकडे. त्यांचा हेडफोनला कळेल असा विजेचा सिग्नल करणारा हा भाग. तसा तो प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असतोच. मग वेगळा कशाला घ्यायचा?

माझ्यापुरतं उत्तर तंबोऱ्यात आहे. ख्याल सुरू होण्याआधी नुसता तंबोरा वाजत असतो ना, तेव्हा माझ्या जुन्या डेस्कटॉपमधून आणखी एक सूर यायचा... बारीक चर्र असा. माऊस हलवला की तोही हलायचा! यात दोष आतल्या चिपचा क्वचितच असतो. एकाच डब्यात प्रोसेसर, पॉवर सप्लाय, पंखा दाटीवाटीने नांदतात आणि त्यांचा गोंगाट हेडफोनच्या आउटपुटमध्ये शिरतो. यूएसबीचा डॅक हे काम डब्याबाहेर नेतो. त्याचा मोठा गुण एवढाच.

पण आधी एक फुकटची चाचणी करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गुणगुण थांबली तर दोष चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा. तो यूएसबीच्या वायरीतून नव्या डॅकमध्येही येऊ शकतो. अशा वेळी डॅकच्या आधी वायरमनला बोलवावं.

आता जाहिरातींतले आकडे. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ वगैरे. सीडी १९८२ साली आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन. त्यात २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज आणि ९६ डेसिबलचा पल्ला बसतो. तरण्या कानाला ऐकू येतं तेही साधारण २०,००० पर्यंतच. त्यात आम्ही ऐकणार अब्दुल करीम खाँसाहेब! ते १९३७ साली गेले. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकड्यांत १०,००० हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नाही.

आणि माझे कान? भोसरीत प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं काढली. तेव्हा तिथे इयर प्लग कुणी देत नसे. आज माझ्या ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. गोंगाटात काम केलेल्या माणसाची ही नेहमीची खूण. तबल्याच्या चाटीची धार, 'स' आणि 'श'मधला फरक याच भागात असतो. तिथला तपशील कुठलाही डॅक मला परत देणार नाही.

म्हणून निवडताना तीनच गोष्टी पाहिल्या. एक, गाणं थांबवल्यावर शांतता हवी. दोन, आउटपुटचा अवरोध हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी हवा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. तीन, माझ्या हेडफोनला पुरेसा आवाज. एवढं तर दीड-दोन हजारांत मिळणारा बोटभर डोंगलही करतो. महागड्या डॅकशी तुलना करायची असेल तर दोघांचा आवाज आधी समान करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच 'जास्त सुरेल' वाटतो.

परवा भाच्याने विचारलं, "मामा, दहा हजारांत कुठला डॅक घेऊ?" तो चाकणला, प्रेस शॉपमध्येच. त्याला म्हटलं, डोंगल घे, आणि उरलेल्यातून आधी स्वतःसाठी चांगले इयर मफ. कंपनीने दिलेले असतील तर शिफ्टभर घाल, उकडलं तरी. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची १९९८ सालची शिफारस आहे: ८५ डेसिबलमध्ये ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलमध्ये जेमतेम १५ मिनिटं. हेडफोनलाही हाच हिशोब लागू.

तो हसला. त्याला अजून सगळं नीट ऐकू येतं. ते तसंच राहावं, एवढीच इच्छा. डॅक काय, पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होईल.